कारल्याचं कॅथेड्रल

पगारेकाका कुणाच्याही घरी गेले, की घरातल्या माणसांच्या आधी भिंतीची विचारपूस करायचे. चपला काढायच्या, ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे "सलाम" म्हणायचं आणि थेट समोरच्या भिंतीपाशी जाऊन मधलं बोट मुडपून टक्‌टक् करायचं. मग भिंतीला कान लावायचा. यजमान पाण्याचा पेला घेऊन तसेच उभे. काकांचा निकाल लागेपर्यंत कुणी बोलायचं नाही, आणि निकाल बहुतेक वेळा एकच असायचा. "पोकळ."

माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा काका भेटायला आले. फोटोला हार घातला, हात जोडले, डोळे मिटले आणि मग फोटोच्या शेजारी टक्‌टक् केली. आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर त्यांनी पेन्सिलीने एक मोठं वर्तुळ काढून ठेवलंय. तेवढ्या भागातलं प्लास्टर विटांपासून सुटलंय, असं त्यांचं म्हणणं. मी त्याच्यावर कॅलेंडर टांगलं. तर प्रत्येक भेटीत कॅलेंडर बाजूला करून ते वर्तुळ वाजवायचे आणि गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "वाढलंय, सेक्रेटरीबाई."

मी सोसायटीची सेक्रेटरी आहे. शरणपूर रोडच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या इमारतीत हे पद कुणालाच नको होतं आणि मी त्या मीटिंगला उशिरा पोचले. तेव्हापासून पगारेकाकांबद्दलच्या सगळ्या तक्रारी माझ्याकडे येतात. मुळात मी तापट आहे, त्यामुळे तक्रार करणारा आणि ज्याच्याविषयी तक्रार आहे तो, दोघांनाही माझं ऐकून घ्यावं लागतं.

काकांचं पूर्ण नाव सॅम्युएल पगारे. मनमाडला रेल्वेच्या पुलांच्या खात्यात नोकरी केली, निवृत्त होऊन नाशिकला आले. बायको, रूथकाकू, काही वर्षांपूर्वी वारल्या. मूलबाळ नाही. सोसायटीच्या रजिस्टरला एवढी माहिती पुरते. बाकीचे काका म्हणजे त्यांचं चर्च.

हे चर्च इंग्रजांच्या काळातलं. काळ्या दगडाचं, टोकदार कमानींचं, उंच आणि आत कायम गार. दारावरच्या पाटीत साधं चर्च असंच लिहिलंय, पण काका त्याला कॅथेड्रल म्हणतात. कॅथेड्रल म्हणायला तिथे बिशपची गादी असावी लागते, असं मी कुठेतरी वाचून त्यांना ऐकवलं. त्यावर ते म्हणाले की बिशपसाहेब एकदा आले होते आणि पुढच्याच बाकावर बसले होते, आपण स्वतः पाहिलंय.

गॉथिक म्हणजे काय हे समजावून सांगायला त्यांना माणसं लागतात. माझ्या मुलाच्या साखरपुड्यात त्यांनी माझे यजमान आणि आमचे नवे व्याही या दोघांना समोरासमोर उभं केलं, तळव्यांना तळवे लावून एकमेकांवर रेलायला सांगितलं आणि ही कमान असं जाहीर केलं. कमान नेहमी बाहेर ढकलते, त्यामुळे मागून आधार हवा, म्हणून व्याह्यांच्या पाठीला मुलीचा मामा आणि आमच्या ह्यांच्या पाठीला फोटोग्राफर. हे टेकू. एवढ्यात कुणीतरी पानं मांडल्याची वर्दी दिली. दोन्ही टेकू जेवायला निघून गेले आणि कमान आहेराच्या टेबलावर आली. काकांना अजिबात वाईट वाटलं नाही. उलट पाहुण्यांकडे वळून ते म्हणाले, "पाहिलंत? टेकू काढला की असं होतं."

त्या चर्चच्या खांबांची एक गोष्ट आहे. खांबांच्या माथ्यावर द्राक्षाचे वेल कोरायचे, असा साहेबाचा हुकूम होता. पाथरवट इथलेच, घाटावरच्या देवळांचं काम केलेले. त्या काळी त्यांच्यातल्या कुणी द्राक्षाचा वेल पाहिला नव्हता. साहेबाने वर्णन करून सांगितलं, की वेल असतो, पानं कातरलेली असतात, मांडवावर चढतो आणि फळं खाली लोंबतात. साहेब सुट्टीवर गेला. पाथरवटांनी परसातल्या मांडवाकडे बघून मन लावून कोरीव काम केलं. साहेब परत येऊन बघतो तर खांबाखांबावर कारली. ही गोष्ट काकांशिवाय कुणी सांगत नाही, त्यामुळे खरी किती कोण जाणे. पण मी जाऊन मान मोडेपर्यंत वर बघितलं. कारलीच आहेत, अंगावरच्या उठावासकट. काका म्हणतात, "गॉथिक जगात पुष्कळ आहे. कारल्याचं एवढं एकच."

पॅरिसच्या त्या मोठ्या कॅथेड्रलला आग लागली, तेव्हा काकांनी दार लोटून घेतलं आणि चूल पेटवली नाही. पांढरा शर्ट घालून खुर्चीत बसून राहिले. सोसायटीत बातमी पसरली, की पगाऱ्यांकडे कुणीतरी गेलं. तळमजल्यावरून पिठलं-भात आला. आम्ही चारपाच जण जाऊन खाली मान घालून बसलो. काका एवढंच म्हणत होते, की छप्पर गेलं, वरचं सगळं जुनं लाकूड गेलं. मला वाटलं, मनमाडला भावाचं घर जळालं असेल. बऱ्याच वेळाने उलगडा झाला, तेव्हा लोक चिडून उठून गेले. मी मात्र बसले, कारण त्यांचे डोळे खरोखरच सुजले होते. पुढे तिथलं काम सुरू झाल्यावर ते मला जिन्यात अडवून सांगायचे, की त्यांनी दगडाला दगड लावला, लाकडाला लाकूड लावलं, जसं होतं तसं उभं केलं.

आणि मग त्यांच्या कारल्याच्या कॅथेड्रलवर वेळ आली. पावसाळ्यात पाणी आत यायला लागलं, दगडांचे सांधे मोकळे झाले, आतलं जुनं प्लास्टर बाकांवर पडायला लागलं. मंडळीने, म्हणजे चर्चच्या लोकांनी, जीर्णोद्धार करायचं ठरवलं. जीर्णोद्धार म्हणजे आपल्याकडे काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. मी त्यांना हसणार नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या मारुतीचा जीर्णोद्धार झाला, तेव्हापासून तो खांद्यापर्यंत बाथरूमच्या टाइल्समध्ये उभा आहे. चर्चचंही तसंच ठरलं. आतून-बाहेरून सिमेंट, त्यावर चकचकीत रंग, खाली ग्रॅनाइट.

विरोधात काका एकटे. त्यांचं म्हणणं साधं होतं. काळा दगड पावसाळाभर पाणी पितो, ते नंतर सांध्यांतून बाहेर पडावं लागतं. चुना ते पडू देतो. सिमेंट कोंडून ठेवतं, मग दगड आतून कुजतो आणि त्याचे पापुद्रे निघतात. "भिंतीला श्वास घेऊ द्या," हे त्यांनी चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं, मला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं.

नुसतं सांगून थांबले असते तर माझ्याकडे तक्रारी आल्या नसत्या. त्यांनी गॅलरीत पिंप ठेवलं. जुने लोक चुन्यात गूळ, बेलफळाचा गर आणि हिरड्याचं पाणी घालत, असं त्यांनी वाचलं होतं. बेलफळं त्र्यंबकहून आणली, हिरडा पेठ तालुक्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडून मागवला आणि सगळं भिजत घातलं. त्याला जो वास सुटला, त्याने दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूची खात्रीच पटली, की म्हातारा हातभट्टी चालवतो. पोलीस आला. काकांनी त्याला गॉथिक समजावून सांगितलं. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, तुम्हीच काय ते बघा." पहिल्या खेपेचा चुना तडकला, दुसऱ्या खेपेच्या चुन्याला मुंग्या लागल्या. काका पुन्हा नव्याने भिजत घालत राहिले.

या चर्चमध्ये हंगामाचा सण असतो. लोक आपापल्या शेतातलं, घरातलं काही ना काही देवाला म्हणून आणतात. द्राक्षांच्या पेट्या, कांदे, कोंबडी, घरचा केक. उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो आणि पैसे चर्चला जातात. काका दर वर्षी तिथे मुरलेल्या चुन्याची बादली घेऊन जायचे. कोंबडीवर चढाओढ व्हायची. बादली पुढे आली की हशा. कुणी बोली लावायचं नाही. शेवटी काका स्वतःच हात वर करायचे आणि आपलीच बादली विकत घेऊन घरी यायचे. ती जिना चढवायला मी एका बाजूने धरायची आणि वाटभर त्यांना बोलायची.

अखेर पंचांच्या कमिटीचे अध्यक्ष शिरसाठ कंटाळले. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईचा होता. त्यांनी उत्तरेकडची एक भिंत काकांना दिली. चुन्याने करून दाखवा, ती पावसाळ्यापर्यंत नीट राहिली तर सगळं चर्च चुन्याने करू, नाहीतर सिमेंट, आणि मग पुन्हा हा विषय नको. काकांनी सगळ्यांसमोर ते मान्य केलं.

नाताळ झाल्यावर काम सुरू झालं. एक गवंडी, काका आणि पाणी मारायला मी. सोसायटीत पाण्याच्या एका बादलीवरून भांडणारी मी, तिथे बादल्या उपसत होते. चुन्याची भिंत हळूहळू वाळावी लागते, म्हणून तिच्यावर ओली गोणपाटं टांगायची आणि ती सतत भिजती ठेवायची. घासून घासून भिंतीला ताकासारखा रंग आला. एका दुपारी काकांनी गोणपाट उचललं, टक्‌टक् केली आणि कान लावला. पुन्हा टक्‌टक् केली. मग मला म्हणाले, "भरीव."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मला इतका आनंद झाला, की घरी जाऊन मी शिरा केला आणि वाटीभर त्यांना नेऊन दिला.

अजून काही महिने तिला नुसतं उघडं ठेवायचं होतं, बाकी काही करायचं नव्हतं. ईस्टरच्या आधी मनमाडला काकांचा भाऊ आजारी पडला म्हणून ते तिकडे गेले. शनिवारी संध्याकाळी परतले आणि ईस्टरच्या सकाळी मला म्हणाले की चला, भिंत बघून येऊ.

चर्चमध्ये फुलं लावली होती. उत्तरेच्या भिंतीसमोर महिला मंडळाच्या बायका ओळीने उभ्या होत्या. मध्ये मार्थाबाई. या मूळच्या वणीकडच्या, मंडळाच्या प्रमुख, दर रविवारी चर्च झाडण्यापासून फुलांपर्यंत सगळं त्याच बघायच्या. आम्हाला पाहून त्या बाजूला झाल्या. भिंत चमकत होती. क्रीम रंगाचा ऑइल पेंट आणि कडेने निळी पट्टी.

"पगारेभाऊ, तुमची भिंत लय कळकट दिसत व्हती," मार्थाबाई म्हणाल्या. "ईस्टरला पाव्हणे येनार, म्हनून आम्ही बायकांनीच वर्गनी काढली न्‌ रंगवली. मजूर बी नाय लावला."

सगळ्या बायका काकांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मार्थाबाईंच्या नखांत अजून रंग होता. काका भिंतीपाशी गेले. सवयीने हात वर गेला, बोट मुडपलं गेलं. मग त्यांनी न वाजवताच हात खाली घेतला.

"छान झालं, मार्था," ते म्हणाले. "अगदी चमकली."

बायकांना फार समाधान वाटलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला धक्का बसलाय. बाहेर आल्यावर मी विचारलं, की आत्ताच काही करता येईल का. ते म्हणाले, रंग आत मुरलाय, प्लास्टर तोडून पुन्हा करावं लागेल. मग तोडा, मी म्हणाले. आज ईस्टर आहे, असं म्हणून ते चालायला लागले. दुसऱ्या दिवशी ईस्टर नव्हता, पण त्या दिवशीही त्यांनी काही केलं नाही.

उन्हं तापली. आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट नव्हती. भिंतीला फोड आले, मग ते फुटले, मग रंगासकट चुन्याचे पापुद्रे निघायला लागले. एका रविवारी प्रार्थना चालू असताना मोठा तुकडा बाकावर पडला. तिथे कुणी बसलं नव्हतं हे नशीब. पुढच्या रविवारी उपासनेनंतर सभा बोलावली. मी त्यांच्यातली नव्हे, पण काकांनी आणलेले जुने नकाशे धरायला म्हणून मागच्या बाकावर बसले होते.

शिरसाठांनी खरोखर सभ्यपणे विचारलं, की काका, काय झालं ते तुम्हीच सांगा. मी उभी राहिले. रंगाने झालं, हे दोन शब्द मला म्हणायचे होते. काकांनी मागे वळून माझ्याकडे असं बघितलं, की मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या सांगण्यावरून खाली बसले.

मग ते म्हणाले, "चुना माझाच कच्चा राहिला. घाई केली मी. चूक माझी आहे, तुम्ही सिमेंटचं करा."

सभा संपायला फार वेळ लागला नाही. मार्थाबाई पुढच्या बाकावरून उठून आल्या आणि काकांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊ, व्हतं असं. वाईट वाटून घिऊ नका." काका म्हणाले, नाही घेत. नकाशांची गुंडाळी माझ्या हातात चुरगळली होती.

घरी येताना मी त्यांना सोडलं नाही. एवढी वर्षं बादल्या वाहिल्या, सोसायटीला वास दिला, पोलीस आणला, आणि ऐन वेळी खोटं बोलून सगळं चर्च घालवलंत. त्या बायकांना कळायला नको का? शिकतील तरी. मी रस्त्यात मोठ्याने बोलत होते आणि लोक बघत होते.

काका कोपऱ्यावर थांबले. म्हणाले, "रूथ शेवटी अंथरुणाला खिळली होती. मला तिला कुशीवरसुद्धा वळवता यायचं नाही. ह्या बायका आळीपाळीने आल्या, रोज. तिला धुवायच्या, पुसायच्या. मार्था तिची वेणी घालायची. गेली त्या दिवशीही घातली." मग म्हणाले, "आता मार्थाला जाऊन सांगू, की चर्च तू पाडलंस?"

आजही मला काकांचा राग येतो, मार्थाबाईंचा येत नाही, आणि ते चर्च डोळ्यांसमोर आलं की सगळ्याचाच येतो.

पावसाळ्यापूर्वी काम उरकलं. आतून-बाहेरून सिमेंट, वर रंग, खाली ग्रॅनाइट. कुणाच्या तरी डोक्यातून निघालं म्हणून कारल्यांना सोनेरी रंग दिला. पहिल्या पावसाळ्यानंतरच पश्चिमेच्या खांबाचे पापुद्रे निघायला लागले. मी बघितले. काकांनीही बघितले असणार, पण ते त्या बाजूला बसत नाहीत.

यंदाच्या हंगामाच्या सणाला काकांनी मला बरोबर यायला सांगितलं. बादली जड होती. पिंपातला उरलेला सगळा चुना त्यांनी तिच्यात भरला होता, तळाचा, सगळ्यात जुना. द्राक्षं गेली, कांदे गेले, केक गेला. बादली पुढे आली, नेहमीसारखं लोक हसले, आणि काकांचा हात वर जायच्या आत मार्थाबाईंचा गेला.

"दरसाल भाऊ एकटेच घेत्यात," त्या म्हणाल्या. "औंदा मी घेते. माझ्या पेरूच्या बुंध्याला लावते, किडे लय झाल्यात."

बोली वाढवायला कुणी नव्हतं. काका बादलीजवळ गेले, झाकण उघडलं आणि त्यांना दाखवलं, की वर बोटभर पाणी कायम राहू दे, उघडा ठेवलास तर वाळून मरतो. पेरूला चांगला आहे म्हणाले. मग बादली त्यांच्या रिक्षापर्यंत स्वतः नेऊन दिली. मी मदतीला गेले नाही, माझ्याच्याने जाववलं नाही.

परत आलो तेव्हा काकांना मी चहाला वर बोलावलं. त्यांनी चपला काढल्या, सलाम म्हटलं आणि सोफ्यावर बसले. नुसते बसले. मी आत गेले, चहा ठेवला, बाहेर येऊन बघितलं. तसेच बसले होते, दोन्ही हात मांडीवर.

मला राहवलं नाही. मी त्यांच्या डोक्यावरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. पेन्सिलीचं वर्तुळ होतं तिथेच होतं. बोट मुडपून मी त्याच्या मधोमध वाजवलं. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला, मला बिनअनुभवीलाही कळेल असा. प्लास्टरची थोडी भुकटी सोफ्यावर आणि काकांच्या खांद्यावर पडली.

"बघा काका," मी म्हणाले, "वाढलंय ना?"

काकांनी वर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, ईस्टरच्या सकाळी मार्थाबाईंकडे बघितलं होतं तसंच. खांद्यावरची भुकटी झटकली.

"नाही हो," ते म्हणाले. "भरीव आहे."